व्हेक्टरची बेरीज कंपास-पट्टीने काढताना नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बालभारतीच्या अकरावीच्या फिजिक्समध्ये दुसऱ्याच धड्यात व्हेक्टर, म्हणजे किती आणि कुठल्या दिशेला हे दोन्ही सांगणाऱ्या राशी, येतात, डिप्लोमाला अप्लाइड मेकॅनिक्समध्ये परत येतात, आणि दरवेळी पोरं त्याच त्याच जागी अडकतात. म्हणून जे प्रश्न सारखे येतात ते सगळे इथे लिहून ठेवलेत. जिथे लोक जास्त अडकतात तिथे जास्त लिहिलंय, बाकी ठिकाणी दोन ओळीत उरकलंय. वाचताना शेजारी कोरा कागद ठेवा, नुसतं वाचून यातलं काही डोक्यात बसत नाही.

फॉर्म्युला पाठ आहे की, मग आकृती काढत कशाला बसायचं?

तो फॉर्म्युला आकृतीतूनच आलाय म्हणून. ए वर्ग अधिक बी वर्ग अधिक दोन एबी कॉस थीटा (ए, बी या दोन व्हेक्टरच्या लांब्या, थीटा त्यांच्यातला कोन) आणि त्याचं वर्गमूळ, हे जे तुम्ही घोकता ते म्हणजे त्रिकोणाची तिसरी बाजू काढायचा कोसाइनचा नियम आहे, वेगळं काही नाही. आणि इतिहासातसुद्धा क्रम असाच आहे, आधी चित्र आणि मग बीजगणित. स्टेव्हिन नावाच्या डच माणसाने १५८६ च्या पुस्तकात उतरणीवर लोंबणाऱ्या गोळ्यांच्या माळेवरून तिरक्या बलांचा हिशोब मांडला, न्यूटनने १६८७ मध्ये गतीचे तीन नियम सांगितल्या सांगितल्या पहिलाच उपसिद्धांत लिहिला तो समांतरभुज चौकोनाच्या कर्णाचा, आणि त्याच वर्षी फ्रान्समध्ये व्हॅरिन्यॉननेही हेच मांडलं. व्हेक्टरचं बीजगणित घेऊन हॅमिल्टन वगैरे मंडळी आली ती १८४० च्या दशकात, म्हणजे दीडशे वर्षांनी. तोपर्यंत सगळं काम पट्टी-कंपासवरच चाललेलं होतं.

आणि व्यवहारातला फायदा म्हणजे, आकृती काढली की उत्तर साधारण कुठल्या दिशेला आणि किती मोठं येणार हे आधीच दिसतं. कॅल्क्युलेटरवर कॉस १२० चं मायनस चिन्ह खाल्लं तर ते दिसत नाही, कागदावर लगेच दिसतं.

सामान काय काय लागतं?

टोकदार पेन्सिल (०.५ ची क्लिकवाली सगळ्यात बेस्ट), ३० सेंटीमीटरची पट्टी, कोनमापक, कंपास आणि दोन गुण्या. कंपासपेटीतल्या गुण्या लोक पाचवीनंतर विसरून जातात पण समांतर रेषा काढायला त्याच्याइतकं फास्ट काही नाही, एक गुण्या रेषेला लावायची, दुसरी तिला टेकवून घट्ट धरायची आणि पहिली सरकवायची, झालं. कोनमापक जरा मोठा घ्या, छोट्यावर अर्धा अंश वाचताच येत नाही. ग्राफ पेपर असेल तर उत्तम, नसला तरी अडत नाही.

कंपासचा स्क्रू ढिला असेल तर आधी तो आवळा, नाहीतर कंस काढता काढता त्रिज्या बदलते आणि मग तुम्ही फिजिक्सला शिव्या घालत बसता.

स्केल किती घ्यायचं हे कसं ठरवायचं?

सगळ्यात मोठा व्हेक्टर साधारण ८ ते १० सेंटीमीटरचा यावा असं स्केल घ्या. १ सेमीला ५ न्यूटन, १० न्यूटन, २० किलोमीटर असे सोपे आकडे. १ सेमीला ३ किंवा ७ असलं काही घेऊ नका, प्रत्येक वेळी भागाकार करताना चूक होते. आणि स्केल आकृतीच्या शेजारी लिहूनच टाका, कारण स्केल न लिहिलेली आकृती म्हणजे नुसत्या रेघा, तपासणारा त्यातून काय समजणार.

एकाच आकृतीत दोन स्केल चालत नाहीत. हे ऐकायला वेडेपणाचं वाटतं पण एक व्हेक्टर छोटा येतोय म्हणून त्याला वेगळं स्केल देणारे खरंच असतात.

त्रिकोणाची पद्धत एकदा नीट, स्टेप बाय स्टेप सांगा ना.

उदाहरण घेऊ. एका ठिकाणी ४० न्यूटनचं बल उजवीकडे लागतंय आणि ३० न्यूटनचं त्याच्याशी ६० अंशात वर तिरकं लागतंय. स्केल १ सेमी म्हणजे ५ न्यूटन.

ओ बिंदूपासून उजवीकडे ८ सेमीची रेघ काढा, तिच्या टोकाला ए म्हणा आणि तिथे बाण काढा. आता दुसरा व्हेक्टर ए पासून सुरू करायचा, म्हणजे पहिल्याच्या टोकाला दुसऱ्याची शेपटी. ए वर कोनमापक ठेवा, पहिली रेघ जिकडे चालली होती तिकडेच पुढे थोडी तुटक रेघ वाढवा, आणि त्या वाढवलेल्या रेघेपासून ६० अंश वर मोजा. त्या दिशेने ६ सेमी, टोकाला सी. शेवटी ओ पासून सी पर्यंत सरळ रेघ, बाण सी कडे. हा झाला रिझल्टंट, म्हणजे दोघांची बेरीज.

मोजा, साधारण १२.२ सेमी येईल, म्हणजे ६१ न्यूटन. पहिल्या बलाशी कोन साधारण २५ अंश. फॉर्म्युल्याने ३७०० चं वर्गमूळ येतं ६०.८ आणि कोन २५.३, म्हणजे पेन्सिलीने काढलेलं उत्तर पाव न्यूटनच्याही आत जुळलं. वाईट नाही.

गणितात कोन ६० दिलाय, पण त्रिकोणाच्या आत तर १२० दिसतोय. मग मी कुठला घेऊ?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आणि निम्म्या चुका इथेच होतात. दोन व्हेक्टरमधला कोन म्हणजे दोघांच्या शेपट्या एकाच बिंदूवर आणल्या की मधे जो कोन दिसतो तो. त्रिकोणाच्या पद्धतीत शेपट्या एकत्र नसतात, एकाच्या टोकाला दुसऱ्याची शेपटी असते, म्हणून त्रिकोणाच्या आतला कोन येतो १८० वजा ६०, म्हणजे १२०. दोन्ही बरोबरच आहेत, फक्त ते वेगवेगळे कोन आहेत.

म्हणूनच वर सांगितलं की पहिली रेघ तुटक वाढवा आणि ६० तिथून मोजा. ती तुटक रेघ आळस करून टाळली की पोरं कोनमापक ओ च्या बाजूने लावतात, ६० अंश आत मोजतात आणि रिझल्टंट येतो ३६ न्यूटन. बघा, ४० आणि ३० ची बलं जवळपास एकाच बाजूला ओढताहेत आणि मिळून ४० सुद्धा होत नाहीत, हे उत्तर बघूनच शंका यायला पाहिजे. आणि हे ३६ काही हवेतून आलेलं नाही, ते त्याच दोन बलांच्या वजाबाकीचं उत्तर आहे, त्यावर खाली येतोच.

आता कोसाइनच्या नियमात मायनस असतो आणि व्हेक्टरच्या फॉर्म्युल्यात प्लस, असं का, हेही इथेच सुटतं. कॉस १२० म्हणजे उणे कॉस ६०, उणे उणे अधिक.

समांतरभुज चौकोनाची पद्धत वेगळी आहे का? उत्तर वेगळं येतं का?

उत्तर तेच येतं, यायलाच पाहिजे. इथे दोन्ही व्हेक्टर ओ पासूनच काढायचे, ओए आणि ओबी, मग चौकोन पूर्ण करायचा आणि ओ पासून निघणारा कर्ण घ्यायचा. त्या चौकोनाचा अर्धा भाग म्हणजे वरचा त्रिकोणच.

चौकोन पूर्ण करायला गुण्या सरकवून दोन समांतर रेघा काढता येतात, पण मला स्वतःला कंपासची युक्ती आवडते कारण तिच्यात कोन मोजावाच लागत नाही. कंपासमध्ये ओबी एवढं अंतर घ्या, ए वर टोक ठेवून कंस मारा. मग ओए एवढं अंतर घ्या, बी वर टोक ठेवून दुसरा कंस. दोन कंस जिथे छेदतील तो सी. समोरासमोरच्या बाजू सारख्या म्हणजे समांतरभुज चौकोन, आठवीची भूमिती.

पण थांबा. दोन कंस दोन ठिकाणी छेदतात! ए आणि बी जोडणारी रेघ मनात आणा, तुम्हाला पाहिजे तो सी या रेघेच्या पलीकडे असतो, ओ च्या विरुद्ध बाजूला. अलीकडचा छेदबिंदू घेतला तर बाजूंची लांबी सगळी बरोबर पण बाजू एकमेकींना कापणारी आकृती येते आणि उत्तर पूर्ण चुकतं. दोन्ही व्हेक्टर सारख्या लांबीचे असतील तर अलीकडचा छेदबिंदू नेमका ओ वरच येतो, करून बघा.

दुसरी नेहमीची गडबड म्हणजे चुकीचा कर्ण घेणं. ए आणि बी जोडणारा कर्ण हा बेरजेचा नाही. शेपट्या जिथे एकत्र आहेत तिथून निघणाराच कर्ण घ्यायचा.

कुठली पद्धत कधी वापरायची असंही लोक विचारतात. दोन बलं एकाच बिंदूवर लागताहेत तेव्हा चौकोन बघायला बरा वाटतो, आधी इकडे मग तिकडे असा प्रवास असेल तर त्रिकोण. दोनपेक्षा जास्त असतील तर चौकोनाचा नाद सोडा.

प्रवासाचं एखादं खरं उदाहरण द्या, न्यूटन-बिटन नको.

नकाशा घ्या. मुंबईहून पुणे, पुण्याहून नाशिक. रस्त्याचं अंतर नको, हवाई अंतर, कारण विस्थापन म्हणजे सरळ रेघ. फोर्टपासून धरलं तर पुणे साधारण १२० किमी, पूर्वेपासून दक्षिणेकडे साधारण २५ अंश. पुण्याहून नाशिक साधारण १६५ किमी, जवळजवळ सरळ उत्तरेला, अगदी बारीक बघायचं तर उत्तरेपासून दोनेक अंश पश्चिमेला. स्केल १ सेमी म्हणजे २० किमी, म्हणजे ६ सेमी आणि सव्वाआठ सेमी. टोकाला शेपटी लावून काढा आणि मुंबई-नाशिक जोडा. साडेसात-पावणेआठ सेमी येईल, म्हणजे दीडशे किमीच्या आसपास, आणि दिशा जवळपास ईशान्य. नकाशावर पट्टी ठेवून ताडून बघा.

यात गंमत अशी की ते दोन अंश सोडून दिले आणि सरळ उत्तर घेतली तर उत्तर चारेक किलोमीटरने वाढतं. कोनातली बारीक चूक लांब रेघेवर किती पसरते ते इथे दिसतं.

दिशा लिहिताना एक काळजी घ्या. "पूर्वेच्या उत्तरेला ३० अंश" म्हणजे पूर्वेपासून सुरुवात करून उत्तरेकडे ३०. "उत्तरेच्या पूर्वेला ३० अंश" म्हणजे उत्तरेपासून सुरुवात. दोन वेगळ्या दिशा आहेत. आकृतीच्या कोपऱ्यात उत्तरेचा बाण काढायची सवय लावा.

तीन, चार, पाच व्हेक्टर असतील तर?

एकामागे एक लावत जायचं. पहिल्याच्या टोकाला दुसरा, दुसऱ्याच्या टोकाला तिसरा, आणि शेवटी पहिल्याच्या शेपटीपासून शेवटच्याच्या टोकापर्यंत एक रेघ. याला बहुभुजाचा नियम म्हणतात. समजा ५० न्यूटन ० अंशावर, ४० न्यूटन ६० अंशावर, ३० न्यूटन १५० अंशावर, सगळे कोन पूर्वेपासून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने मोजलेले. १ सेमीला १० न्यूटन घेतलं तर ५, ४ आणि ३ सेमीच्या रेघा, आणि रिझल्टंट यायला पाहिजे ६.६ सेमी, म्हणजे ६६ न्यूटन, ४८ अंशावर.

प्रत्येक टोकावर पूर्वेकडे जाणारी एक बारीक रेघ काढून घ्या आणि कोन त्या रेघेपासूनच मोजा. आधीच्या व्हेक्टरपासून मोजायला गेलात तर घोळ ठरलेला.

क्रम बदलला तरी चालतो. आधी ३०, मग ५०, मग ४० असं काढा, आकृती ओळखू येणार नाही इतकी वेगळी दिसेल पण शेवटचा बिंदू तिथेच. हे मी सांगतोय म्हणून मानू नका, एकाच कागदावर दोन रंगांनी दोन्ही क्रम काढा, आणि दोन्हीत शेवटचा बिंदू एकाच ठिकाणी आला नाही तर समजा कुठेतरी कोन चुकलाय. चेकिंगची याहून स्वस्त पद्धत नाही.

शेवटचं टोक परत सुरुवातीच्याच बिंदूवर आलं. काहीतरी चुकलंय का?

उलट छान झालं, बेरीज शून्य आहे. बलं असतील तर वस्तू समतोलात आहे. तीन बलांचा त्रिकोण असा बंद झाला की बाजू आणि समोरच्या कोनांचं नातं लिहिलं की लामीचं प्रमेय मिळतं, तेही पहिल्यांदा १६८७ मध्येच आलं, त्या वर्षी सगळ्यांनाच काहीतरी सुचत होतं बहुतेक.

याच्यावर एक आवडता प्रश्न असतो: ३, ४ आणि ८ न्यूटनची तीन बलं समतोलात राहू शकतात का? पेपरवर आकडेमोड करत बसू नका. ८ सेमीची रेघ काढा, एका टोकावरून ३ चा आणि दुसऱ्यावरून ४ चा कंस मारा. कंस भेटतच नाहीत. त्रिकोण होत नाही म्हणजे समतोल नाही, विषय संपला. दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी लागते हे सातवीतच शिकलेलो असतो. त्याच कारणाने ३ आणि ४ चा रिझल्टंट कमीत कमी १ आणि जास्तीत जास्त ७ येऊ शकतो, मधलं काहीही, कोनावर अवलंबून.

वजाबाकी कशी काढायची?

ज्याला वजा करायचंय त्याचा बाण उलटा फिरवा आणि बेरीज करा. किंवा शॉर्टकट, दोघांच्या शेपट्या एकत्र ठेवा आणि ज्याला वजा करताय त्याच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत बाण काढा. म्हणजे ए वजा बी पाहिजे तर बाण बी च्या टोकापासून ए च्या टोकाकडे. हाच तो समांतरभुज चौकोनाचा दुसरा कर्ण, आणि वर चुकून आलेलं ३६ न्यूटन तेच.

हे कुठे लागतं तर रिलेटिव्ह व्हेलॉसिटीला, म्हणजे चालत्या माणसाला दुसऱ्याचा वेग किती दिसतो ते काढायला. पावसात बाइक चालवताना सरळ खाली पडणारा पाऊससुद्धा तोंडावर येतो, का? मोठे थेंब साधारण सेकंदाला ९ मीटरने खाली येतात. तुम्ही ताशी ३६ किलोमीटरने चाललाय म्हणजे सेकंदाला १० मीटर. पावसाच्या वेगातून तुमचा वेग वजा करायचा, म्हणजे तुमचा बाण उलटा. १ सेमीला २ मीटर प्रति सेकंद घेतलं तर खाली साडेचार सेमी, मागे ५ सेमी, रिझल्टंट ६.७ सेमी. म्हणजे थेंब तुम्हाला सेकंदाला साडेतेरा मीटरने लागतोय आणि उभ्या रेषेपासून ४८ अंश कलून समोरून येतोय. म्हणून रेनकोटचं पुढचं सगळं भिजतं आणि पाठ बरीचशी कोरडी राहते.

नदीतल्या बोटीची गणितं डोक्यावरून जातात. त्यातला "सरळ पलीकडे जायचंय" हा प्रकार कसा काढायचा?

ही गणितं दोन प्रकारची असतात आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. पहिल्यात बोटीचं तोंड सरळ पलीकडे आहे आणि प्रवाह तिला वाहवत नेतो, ती साधी बेरीज. दुसऱ्यात बोट प्रत्यक्षात सरळ पलीकडे पोचली पाहिजे, तोंड कुठे ठेवायचं ते शोधायचंय. इथे रिझल्टंटची दिशा माहितीये पण लांबी नाही, आणि बोटीच्या वेगाची लांबी माहितीये पण दिशा नाही. फॉर्म्युल्याने हे किचकट वाटतं, कंपासने अर्ध्या मिनिटात होतं.

दाभोळ-धोपाव्याची फेरीबोट घ्या, वाशिष्ठीच्या खाडीत भरती-ओहोटीचं पाणी बोटीला आडवं ढकलतं. आकडे आपण मनाचे घेऊ: शांत पाण्यात बोटीचा वेग ताशी ८ किमी, ओढ ताशी ३ किमी. १ सेमीला १ किमी. ओ पासून ओढीच्या दिशेने ३ सेमीचा बाण, टोक ए. ओ पासूनच, जिथे पोचायचंय त्या दिशेने, काटकोनात एक लांब बारीक रेघ. आता कंपासमध्ये ८ सेमी घ्या, ए वर टोक ठेवा आणि त्या रेघेला कापा, तो बिंदू बी. ए पासून बी पर्यंतचा बाण म्हणजे बोटीचं तोंड कुठे ठेवायचं ती दिशा, सरळ रेघेपासून ओढीच्या विरुद्ध साधारण २२ अंश. आणि ओबी मोजा, ७.४ सेमी, म्हणजे प्रत्यक्ष ताशी ७.४ किमीने पलीकडे सरकतेय.

आता ओढ ताशी ९ किमी घेऊन हेच करा. ए वरून मारलेला ८ सेमीचा कंस त्या रेघेपर्यंत पोचतच नाही. म्हणजे कितीही तोंड फिरवलं तरी सरळ पलीकडे जाणं शक्य नाही. फॉर्म्युल्याने केलं असतं तर वर्गमूळाखाली उणे आकडा आला असता आणि तुम्ही कॅल्क्युलेटरवर एरर बघत बसला असता.

समुद्रावर चार्ट (समुद्राचा नकाशा) घेऊन काम करणारे हीच आकृती थेट चार्टवर काढतात, अंतर डिव्हायडरने बाजूच्या अक्षांशाच्या पट्टीवर मोजतात कारण अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक नॉटिकल मैल. पायलट लोकांकडे ई-सिक्स-बी नावाची फिरती तबकडी असते, तिच्यावर वाऱ्याचा ठिपका पेन्सिलीने मारून हाच त्रिकोण सोडवतात.

प्रॅक्टिकलला ग्रेव्हसँडचं उपकरण असतं, तिथे उत्तर जुळतच नाही.

ग्रेव्हसँड हा लायडनचा डच प्रोफेसर, त्याच्या नावाचा हा उभा फळा, वर दोन कप्प्या, दोन बाजूंना माहीत असलेली वजनं आणि मधे जे वजन शोधायचंय ते. तीन दोरे एका गाठीत भेटतात. गाठ स्थिर झाली की दोन बाजूंच्या बलांचा रिझल्टंट मधल्या वजनाएवढा आणि उलट दिशेला, एवढंच तत्त्व.

न जुळण्याची कारणं बहुतेक वेळा ठरलेली असतात. वजन फळ्याला टेकलेलं असतं आणि कुणाचं लक्ष नसतं. कप्पी गंजलेली असते, मग गाठ जिथे थांबते ती खरी समतोलाची जागा नसते, म्हणून गाठ हाताने थोडी हलवून सोडा आणि परत तिथेच येते का बघा. फळा ओळंब्यात नसतो. आणि सगळ्यात कॉमन म्हणजे दोऱ्याची खूण तिरकं बघून केलेली असते. दोऱ्यामागे आरशाची पट्टी धरा, दोरा आणि त्याचं प्रतिबिंब एकावर एक दिसलं की तेव्हाच ठिपका द्या, आणि प्रत्येक दोऱ्यावर दोन ठिपके लांब लांब द्या, जवळ दिले तर रेघेची दिशा बिघडते.

कागद काढल्यावर १ सेमीला ५० ग्रॅम-वजन वगैरे स्केल घेऊन दोन बाजू काढा, चौकोन पूर्ण करा. कर्ण मधल्या दोऱ्याच्या रेघेत सरळ वर गेला पाहिजे. तो चार-पाच अंशाने बाजूला गेला असेल तर लांबी मोजायच्या आधीच समजा की रीडिंग परत घ्यायचंय. हँगरचं स्वतःचं वजन मिळवायला विसरू नका.

दोन्ही बलं समांतर असतील तर चौकोन होतच नाही. मग?

बरोबर पकडलंत. किती आणि कुठल्या दिशेला हे सोपं आहे, एकाच रेघेवर एकापुढे एक बाण लावले की झालं. पण रिझल्टंट नेमका कुठून जातो हे त्यातून कळत नाही, आणि बीमवर (आडव्या तुळईवर) तेच तर पाहिजे असतं. यासाठी डिप्लोमावाल्यांचा फ्युनिक्युलर पॉलिगॉन.

समजा बीमवर डावीकडून ० मीटरवर २ किलोन्यूटन, २ मीटरवर ३, आणि ५ मीटरवर १, सगळे खाली. आधी एका बाजूला उभी लोडलाइन काढा, एबी दोनचा, बीसी तीनचा, सीडी एकचा. बाजूला कुठेही एक बिंदू घ्या, ओ, याला पोल म्हणतात. ओए, ओबी, ओसी, ओडी या रेघा जोडा. आता बीमच्या आकृतीवर या: ओए ला समांतर रेघ काढत पहिल्या लोडच्या रेघेपर्यंत या, तिथून ओबी ला समांतर दुसऱ्या लोडपर्यंत, तिथून ओसी ला समांतर तिसऱ्यापर्यंत, आणि तिथून पुढे ओडी ला समांतर. पहिली आणि शेवटची रेघ वाढवून जिथे भेटतील तिथून रिझल्टंट जातो. ६ किलोन्यूटन, पहिल्या लोडपासून साधारण १.८ मीटरवर. मोमेंट (बल गुणिले अंतर) घेऊन तपासा, ११ भागिले ६ येतं १.८३. पोल कुठेही घ्या, उत्तर तेच, फक्त फार जवळ घेतलात तर रेघा उभ्या होतात आणि छेदबिंदू कागदाबाहेर पळतो.

हे आज जुनाट वाटतं, पण झुरिकच्या कार्ल कुल्मानने १८६६ मध्ये यावर अख्खं पुस्तक काढलं, आणि मॉरिस केकलॅन, ज्याने आयफेल टॉवरचं पहिलं स्केच केलं, तो याच कुल्मानचा विद्यार्थी. ट्रसची (पुला-छपराच्या त्रिकोणी सांगाड्याची) आकृती काढताना तुम्ही मोकळ्या जागांना ए, बी, सी नावं देता ती बो नावाच्या माणसाची पद्धत, १८७३ ची. कॉम्प्युटर नव्हते तेव्हा पूल असेच ड्रॉइंग बोर्डवर सोडवले जायचे.

माझं उत्तर फॉर्म्युल्यापेक्षा थोडं वेगळं येतं. किती फरक चालेल?

रेघ मोजताना अर्धा ते एक मिलिमीटर आणि कोनात अर्धा ते एक अंश इकडेतिकडे होणारच. १० सेमीच्या रिझल्टंटवर एक मिलिमीटर म्हणजे एक टक्का, त्याची काळजी करू नका. तीन-चार टक्क्यांच्या पुढे गेलं तर परत काढा.

पण एक सापळा आहे. १०० आणि ९८ न्यूटनची बलं अगदी विरुद्ध दिशांना असतील आणि १ सेमीला १० न्यूटन घेतलं असेल तर रिझल्टंट फक्त २ मिलिमीटरचा येतो, आणि त्यात एक मिलिमीटर चुकलं की झाली ५० टक्के चूक. असं काही असेल तर आकृतीवर फक्त दिशेपुरता विश्वास ठेवा आणि आकडा कंपोनंटने (व्हेक्टरचे आडवे-उभे भाग पाडून) काढा. आकृतीची पद्धत सगळीकडे चालते असं मी म्हणणार नाही.

करंटलाही दिशा असते, मग त्याची बेरीज अशी का नाही करत?

कारण तो या नियमाने वागत नाही. एका जंक्शनवर ३ अँपियर आणि ४ अँपियर येताहेत, तर बाहेर ७ जातात, तारांमधला कोन ३० असो, ९० असो, काही फरक पडत नाही. नुसती दिशा असून भागत नाही, समांतरभुज चौकोनाच्या नियमाने बेरीज व्हावी लागते. आणि बलात वेग मिळवायचा प्रयत्न करू नका, दोन्ही व्हेक्टर असले तरी जात वेगळी आहे.

हे मोबाइलवर करता येतं का? आणि थ्रीडी असेल तर?

जिओजेब्रा फुकट आहे, त्यात व्हेक्टरचं टूल आहे, टोक बोटाने ओढलं की रिझल्टंट चालता चालता बदलताना दिसतो. कोन ० पासून १८० पर्यंत फिरवून बघायला मस्त आहे. पण पहिल्यांदा हातानेच काढा, कारण शेपटी कुठे लावायची हा निर्णय तिथे अ‍ॅप घेतं आणि अडकतात सगळे तिथेच.

थ्रीडीत नियम तोच, पण कागद सपाट असल्यामुळे तिसरी दिशा मोजता येत नाही. तिथे एक्स, वाय, झेड कंपोनंट काढून मिळवा. एंट्रन्सच्या पेपरमध्येही स्केलवर काढायला वेळ नसतो, तिथे हाताने ओबडधोबड त्रिकोण काढा, कोन लघु की विशाल ते बघा आणि पर्यायातले जे दोन उघड चुकीचे दिसतील ते आधी उडवा.